पडदा फुटला त्या दुपारी

दादाचा हात कसा पडला हे मला दुसऱ्या खोलीतूनही कळायचं. उघड्या पंजाचा आवाज कोरडा असतो आणि त्याच्यामागे बांगड्या वाजतात, कारण जिला मारलं ती तोंड झाकायला हात वर नेते. मुठीला स्वतःचा आवाज फारसा नसतो. मार खाणाऱ्याच्या तोंडून जी हवा बाहेर पडते तीच ऐकू येते. आणि डोकं लोखंडी कपाटावर आपटलं की आतले हँगर बराच वेळ एकमेकांना लागत राहतात. हे मी कुठे शिकायला गेले नव्हते. डोळे हळूहळू गेले, आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग कडेचं, मग मधलंही, आणि कॉलेजच्या शेवटी शेवटी उजेड आणि अंधार एवढाच फरक उरला. तोवर कान आपोआप घरभर फिरायला लागले होते. ज्या घरात ऐकण्यासारखं चांगलं असतं तिथल्या आंधळ्या मुलीला कानांचा केवढा आधार वाटत असेल, असं मला तेव्हा वाटायचं.

घर फ्रीगंजच्या मागच्या गल्लीत होतं. वडील बँकेच्या नोकरीपायी महाराष्ट्रातून उज्जैनला आले आणि बदली टाळत टाळत इथलेच झाले. ते गेल्यावर दादाने नोकरीच्या मागे न लागता दुकान टाकलं: भैरवगढच्या छापाच्या चादरी, दुपट्टे, ड्रेसचं कापड. घरातही एका भिंतीला कापडाचे गठ्ठे असायचे आणि त्यांचा रंगाचा, किंचित आंबूस वास स्वयंपाकघरापर्यंत यायचा. नमुन्याचे लाकडी ठप्पे खिडकीत मांडलेले असत, जुन्या सागवानाचे, हातात धरले तर मनगट खाली झुकेल इतके जड. मी त्यांच्यावरून बोटं फिरवून वेलबुट्टी ओळखायची. सकाळी पोहे व्हायचे. आई त्यावर खोबरं घालायची आणि दादा वरून शेव आणि जिरावणाचा मसाला घ्यायचा. आई म्हणायची, याने पोह्यांचं पार माळवी करून टाकलं. रविवारी दाल-बाफले, म्हणजे वरणाबरोबर उकडून भाजलेले कणकेचे गोळे, इतर दिवशी गोडा मसाल्याची आमटी. बाफल्यात तूप जिरताना एक बारीक आवाज येतो, तो मला फार आवडायचा. आजही आवडतो. पण तो ऐकताना मी अजून खुर्चीच्या कडेवर बसते, पाठ टेकत नाही. शरीराच्या काही सवयी वय झालं तरी सुटत नाहीत.

दादाबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. बाहेर तो फार गोड माणूस होता. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ‘आओ भिया’ म्हणायचा, बायकांना गठ्ठ्यामागून गठ्ठा उलगडून दाखवायचा आणि कधी वैतागायचा नाही. माझे डोळे जात होते तेव्हा इंदूरच्या डॉक्टरांकडे मला तोच घेऊन जायचा, बसमध्ये खिडकी मला द्यायचा आणि बाहेर काय काय दिसतंय ते सांगत राहायचा. ते सांगणारा आवाज आणि नंतरचा आवाज एकाच गळ्यातून येत होता. लोकांना अजून वाटतं की मारणाऱ्या माणसाचा आवाज ओळखू येण्याइतका वेगळा असतो. तसं काही नसतं.

वहिनी देवासची. तिचं नाव नीलिमा. लग्नाआधी ती एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायची. हसताना नाकातून फुर्र असा आवाज काढायची आणि लगेच तोंडावर हात धरायची. तो हात ठेवल्याचाही आवाज मला येई. दुकानात नवीन कॉम्प्युटर आला तेव्हा जुना घरी आणून टाकला होता, माझ्या खोलीतल्या टेबलावर, ठोकळ्यासारखा मोठा पडदा आणि खाली पायाशी घरघरणारा डबा. मला त्याचा काय उपयोग, असं सगळ्यांनाच वाटलं. वहिनीने कुठूनतरी एक सीडी आणली, त्यातला प्रोग्राम डब्यात भरला, आणि टेबलावरचे दोन छोटे स्पीकर एकदम इंग्रजीत बोलायला लागले. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा आवाज होता तो. नाकात बोलणारा, घाईतला, कुठल्याच देशाचा नसलेला. मी घाबरून मागे सरकले. वहिनी फुर्र हसली आणि म्हणाली, "शरूताई, या बाईला सवय होईपर्यंत जरा सहन करा. मग ती तुमची. तुम्ही सांगाल तिथे जाईल."

माउस तिने उचलून ड्रॉवरमध्ये टाकला. "याची आपल्याला गरज नाही," म्हणाली. मग दुपारच्या दुपार आम्ही बटणांवर बसलो. आई वामकुक्षी घ्यायची, दादा दुकानात, आणि वहिनी माझी बोटं धरून बटणांवर ठेवायची. विंडोजचं बटण आणि डी दाबलं की सगळं बाजूला होऊन डेस्कटॉप येतो. बाणांनी पुढे-मागे. नावाचं पहिलं अक्षर दाबलं की थेट त्या नावावर उडी. शिफ्ट आणि एफ टेन एकत्र दाबलं की यादी उघडते. मी एकदा माझीच एक फाइल चुकून डिलीट केली आणि रडकुंडीला आले. तेव्हा तिने मला रिसायकल बिन दाखवलं. "ही घरातली केराची टोपली समजा," ती म्हणाली. "टाकलेलं आधी इथे पडतं. कोणी टोपली रिकामी करेपर्यंत ते इथेच असतं. त्या फाइलवर या, यादी उघडा, रिस्टोअर म्हणा, जिथलं तिथे परत जातं. फक्त डिलीट दाबताना शिफ्ट धरलात तर मात्र टोपलीत न येता सरळ नाहीसं होतं. ही बाई तुम्हाला आधी विचारते. ती काय विचारते ते नीट ऐकत जा, दोन्ही वेळेला प्रश्न वेगळा असतो." मी ते इतक्या वेळा करून पाहिलं की टाकणं आणि परत आणणं हा माझा खेळच होऊन बसला.

मार केव्हा सुरू झाला ते मला सांगता येणार नाही, कारण पहिल्यांदा मी त्याला दुसरंच काही समजले होते. मग समजलं. कारणं काहीही असत. आमटीत चिंच जास्त. शेजारच्या माणसाशी जिन्यात बोलली. माहेरी फोन लांबला. एकदा तिने दुकानाच्या कॉम्प्युटरमधली काहीतरी चूक त्याला नोकरांसमोर दाखवून दिली, त्या दिवशी तो जेवायला घरी आला, हात धुतले, आणि टॉवेलला हात पुसत पुसत तिच्याकडे गेला. त्यानंतर बरेच दिवस ती डाव्या कुशीवर वळताना श्वास आत ओढून घ्यायची. मी मधे पडायला गेले की दादा मला दंडाला धरून, अगदी सांभाळून, माझ्या खोलीत आणून बसवायचा. "तू नको येऊस यात, शरू. तुला लागेल," म्हणायचा. मग कडी लावायचा. मी आतून दार बडवायची आणि पलीकडे ते चालू राहायचं. मला सगळ्यात जास्त राग त्या सांभाळून धरण्याचा यायचा.

आई स्वयंपाकघरात असायची. ती भांडी लावायला घ्यायची. ती कधी ओरडली नाही आणि कधी मधेही आली नाही. एखाद्या वेळी दारापर्यंत यायची आणि हळू आवाजात काहीतरी म्हणायची. माझ्या बंद दारातून शब्द कळायचे नाहीत. मला वाटायचं, ती त्याला थांबवत असेल.

मला आवाज भरून ठेवायचा नाद होता. कॉम्प्युटरला एक स्वस्तातला माइक होता आणि वहिनीने रेकॉर्डिंग शिकवलं होतं. कुकर, गल्लीतला भाजीवाला, आईचा खलबत्ता, गॅलरीतल्या चिमण्या. एका दुपारी चिमण्यांसाठी माइकची वायर लांब करून मी तो दाराच्या फटीपाशी ठेवला होता आणि मधेच दादा आला. तो परत गेल्यावर मी बटण दाबून रेकॉर्डिंग बंद केलं. चिमण्या थोड्याच होत्या. बाकी सगळं ते होतं. मी वहिनीला बोलावून ऐकवलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "मी बाबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, एवढा चांगला मुलगा, तूच काहीतरी बोलत असशील." मग तिने माझा हात धरून माइकवर ठेवला. "हा इथेच असू दे, शरूताई."

तेव्हापासून तो तिथेच राहिला. दादाचा जिन्यातला पाय ऐकू आला की मी बटण दाबायची. फोल्डरला आम्ही इंग्रजी अक्षरांत ‘चिमण्या’ असं नाव दिलं होतं. मी त्या फाइली पुन्हा कधी उघडल्या नाहीत. ज्या एकदा भिंतीतून ऐकल्या त्या पुन्हा कानात घालून ऐकण्याची माझी ताकद नव्हती, म्हणून त्यांत नेमकं काय आहे हे मलाही धड माहीत नव्हतं. वहिनीचं म्हणणं होतं की त्यांतल्या स्पष्ट असतील तेवढ्या निवडून तिच्या पेनड्राइव्हमध्ये भरून देवासला न्यायच्या, बाबांसमोर लावायच्या आणि परत यायचंच नाही.

तो दिवस आईचा नदीवर, रामघाटावर जायचा होता. वडिलांच्या तिथीचं काहीतरी होतं, तिथले गुरुजी ठरलेले, ती सकाळीच रिक्षाने गेली. दादा दुकानात. घर आमचं होतं, म्हणून आम्ही निवांत बसून फाइली लावल्या. इअरफोन एकच जोडी होती, दोघींना ऐकायचं होतं, म्हणून स्पीकर चालू. पहिली फाइल वाजत होती. स्पीकरमधून दादा म्हणत होता, "वर बघ. मी बोलतोय तेव्हा वर बघ." आणि जिन्यावर पाय वाजले ते स्पीकरमधले आहेत असं आम्हाला दोघींनाही वाटलं.

दार उघडंच होतं. तो उंबऱ्यात उभा राहिला आणि त्याने स्वतःला ऐकलं. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. फाइल वाजत राहिली, बंद करायला कोणाचा हातच उठेना. मग तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "हे काय करून राहिल्या तुम्ही?"

वहिनी माझ्या आणि त्याच्या मधे उभी राहिली. तिला केसांना धरून बाहेर ओढलं ते मला खुर्ची पडण्यावरून कळलं. कपाट वाजलं, हँगर वाजले, पुन्हा कपाट वाजलं. ती एरवी ओरडायची नाही. त्या दिवशी ओरडली, आणि मधेच काहीतरी मोडल्याचा आवाज आला, ओली काडी मोडते तसा, आणि तिचं ओरडणं एकदम बारीक झालं. तिचं मनगट होतं ते. मी आवाजाच्या दिशेने धावत गेले आणि हाताला जे लागलं ते, त्याच्या शर्टाची पाठ, दोन्ही मुठींत धरून मागे ओढली. या वेळी त्याने मला सांभाळून धरलं नाही. वळून कोपराने मारलं. माझा जबडा दाराच्या चौकटीवर आपटला आणि मी जमिनीवर पडले. तोंडात रक्ताची चव, कानात शिट्टी. शिट्टीच्या पलीकडे त्याने वहिनीला फरफटत त्यांच्या खोलीत नेलं, दार ओढलं, कुलूप लावलं. मग तो माझ्या खोलीत आला, मला ओलांडून टेबलापाशी गेला आणि खुर्ची उचलून बसला.

त्याच्या दुकानाचं सगळं काम ऑपरेटर करायचा, दादाला पडद्यावर बघून एखाददुसरं बटण दाबण्यापुरतं येत होतं. ड्रॉवरमध्ये खडबड झाली, माउस सापडला नाही म्हणून त्याने शिवी दिली आणि बाण दाबायला लागला. बोलणारी बाई चालूच होती. तो जे जे करत होता ते ती मला जमिनीवर पडल्या पडल्या सांगत होती. तो फाइल बंद करून बाहेर आला. ‘चिमण्या’वर आला. डिलीट दाबलं. आणि तिने तिच्या त्या घाईतल्या आवाजात विचारलं, फोल्डर काढून त्यातलं सगळं रिसायकल बिनमध्ये टाकायचं ना. मी डोळे घट्ट मिटून घेतले, जणू मला काही दिसत असावं. रिसायकल बिन. शिफ्ट त्याला ठाऊक नव्हता. येस, ती म्हणाली. एन्टर.

"गेलं," तो म्हणाला. मग, "ही काय बडबड लावलीये," म्हणून त्याने स्पीकरच्या वायरी हिसकल्या आणि ते भिंतीवर फेकले. तेवढ्याने त्याचं समाधान झालं नसावं. खिडकीतला ठप्पा घासत उचलल्याचा आवाज झाला आणि पुढच्या क्षणी पडदा फुटला. एक मोठा, पोकळ धडाका, आणि काचा सगळीकडे, माझ्या केसांतही. तो पुन्हा मारत होता, आणि पुन्हा, आतलं सगळं चुरा होईपर्यंत. प्रत्येक घावाला तो काहीतरी म्हणत होता, पण शब्द नव्हते ते. ठप्पा खाली टाकला तेव्हा तो धापा टाकत होता. "संध्याकाळी डबा दुकानात नेतो," म्हणाला. "उरलंसुरलं ऑपरेटरकडून साफ करून घेतो."

तेवढ्यात आई आली. तिच्या हातातल्या पिशवीत तांब्या वाजत होता. दादाने तिला सांगितलं, "या दोघींनी माझे आवाज भरून ठेवले होते. पुसून टाकलेत. ती कुलपात आहे, उघडायचं नाही." आणि तो पाणी पिऊन दुकानात गेला. किल्ली त्याच्या खिशात होती, जिन्यावर वाजली.

मी उठले. पायाशी डबा घरघरत होता. दादाने जिथे बघायचं असतं ते फोडलं होतं, आणि तिथे बघायला मी कधीच बसले नव्हते. ड्रॉवरमधून इअरफोन काढले, डब्याच्या मागे हात घालून स्पीकरच्या वायरीचं भोक चाचपलं आणि त्यात पिन घातली. कानात काहीच नाही. दुसरं भोक. कुठलंतरी बटण दाबलं आणि ती बोलली. मला इतकं रडू आलं की पुढचं काही क्षण ऐकूच आलं नाही.

कीबोर्डवर काचा होत्या. बोट ठेवलं की कापत होतं आणि मग बटणं चिकट होत गेली. विंडोज आणि डी. आर दाबून रिसायकल बिन. एन्टर. टोपलीत माझा जुना सगळा कचरा होता, खेळ म्हणून टाकलेल्या फाइली, वहिनीने शिकवताना टाकलेल्या, आणि ती एकेकीचं नाव वाचत होती. सी दाबलं. दुसरंच काहीतरी. पुन्हा सी. ‘चिमण्या’. शिफ्ट आणि एफ टेन. रिस्टोअर. एन्टर. नाव टोपलीतून नाहीसं झालं. मी बाहेर जाऊन त्याची मूळ जागा उघडली आणि ते तिथे होतं, आत सगळं जसंच्या तसं.

"काय करून राहिलीस?" आई दारात उभी होती.

"काचा गोळा करतेय."

ती जवळ आली. पडदा नाही, स्पीकर नाहीत. एक आंधळी मुलगी रक्ताळलेल्या बोटांनी मेलेल्या मशीनची बटणं दाबतेय, एवढंच तिला दिसलं असणार. ती कानातल्या वायरीकडे बघत होती की नाही, मला माहीत नाही. ती म्हणाली, "हात कापून घेशील." मग ओलं फडकं आणलं आणि माझ्या बोटांच्या मधून, बटणांच्या फटींतून, एकेक काच वेचायला लागली. मी थांबले नाही. डब्याला लावून ठेवलेल्या वहिनीच्या पेनड्राइव्हमध्ये फोल्डर कॉपी केलं, पूर्ण झाल्याचं ऐकलं, आणि मग मशीनमधलं पुन्हा डिलीट करून टोपलीत टाकलं, दादाने ठेवलं होतं तसं. आई शेवटची काच वेचेपर्यंत तिथेच वाकून उभी होती.

पेनड्राइव्ह मुठीत धरून मी बाहेरच्या खोलीत गेले आणि देवासला फोन लावला. वहिनीच्या वडिलांना मी म्हटलं, "तिचं मनगट मोडलंय आणि तिला कोंडून ठेवलंय. तुम्ही आला नाहीत तर मी गल्लीत उभी राहून सगळ्यांना बोलावते." ते काही न विचारता ‘निघालो’ म्हणाले. मी फोन ठेवला तसा आईने उचलला. तिने दादाला फोन केला. माझ्या समोर, माझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहून ती त्याला म्हणाली, "विनू, तिचे वडील येतायत. तू ये." ज्या हातांनी काचा वेचल्या होत्या त्याच हातांत तो रिसीव्हर होता. इतक्या वर्षांनंतरही या दोन गोष्टी मला शेजारी शेजारी ठेवता येत नाहीत, आणि एकमेकींपासून वेगळ्याही करता येत नाहीत.

किल्ली आपल्या खिशात आहे म्हणून दादाने घाई केली नसावी; देवासहून येऊनही वहिनीचे वडील त्याच्याआधी पोचले. त्यांनी खलबत्त्यातल्या बत्त्याने कुलूप तोडलं. वहिनी दाराशीच बसलेली होती. तिच्या वडिलांच्या तोंडून "अगं" एवढंच आलं. मग दवाखाना, प्लास्टर, आणि तिथून ठाणं. दादा थेट ठाण्यातच आला, आईला बरोबर घेऊन. इकडे ठाण्याच्या मुख्य अधिकाऱ्याला टीआय म्हणतात. ते टीआय दमलेले, सभ्य गृहस्थ होते, चहा ओतून घेतल्याचा आवाज आला. दादाने हात जोडले असावेत. त्याचा आवाज दुकानातला होता. "सर, बाथरूम में फिसल गई. आप माताजी से पूछ लीजिए."

आई म्हणाली, "हाँ."

टीआय म्हणाले, "देखिए, घर का मामला है. बड़े लोग बैठकर समझा लो."

मी पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "ये लगा के सुन लीजिए."

दादा हसला. "सर, ये देख नहीं सकती. उसमें कुछ नहीं है, मैंने खुद डिलीट किया है." त्याच्या लक्षात आलं नाही आपण काय बोललो ते. टीआयच्या आलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि शिपायाला म्हणाले, लगाओ.

कुठली फाइल उघडली, माहीत नाही; मी ती आधी ऐकलेली नव्हती. आधी चिमण्या आल्या. मग कपाट. मग दादा, वहिनीचा श्वास, थप्पड, बांगड्या. आणि मग त्या सगळ्याच्या मधून एका बाईचा आवाज, हळू, दारापाशी उभा असल्यासारखा, घरातली रोजची सूचना द्यावी तसा म्हणाला, "विनू, तोंडावर नको. उद्या हळदीकुंकवाला बायका येतील."

बंद दारातून मला जे कधी कळलं नव्हतं ते हे होतं. वहिनीला ते आधीपासून माहीत होतं. तिने कधी मला सांगितलं नव्हतं.

टीआय म्हणाले, "ये कौन लेडीज़ हैं? क्या बोल रही हैं?"

दादा पटकन म्हणाला, "टीवी है सर. मराठी सीरियल चल रहा था. पूरा वही है."

वहिनीच्या वडिलांनी घसा साफ केला, पण ते बोलायच्या आत आईच्या खुर्चीचा पाय घासला. ती उभी राहिली होती. "टीवी नहीं है," ती म्हणाली. तिचं हिंदी आयुष्यभर उज्जैनमध्ये राहूनही भाजीबाजारापुरतंच होतं, शब्द शोधत शोधत बोलत होती. "ये मेरी आवाज़ है. मैं लड़के को बोल रही हूँ, मुँह पर मत मार. मतलब दूसरी जगह मार."

"आई," दादा म्हणाला. आवाज बसमध्ये खिडकीपाशी बसलेल्या मला सांगायचा तसा मऊ होता. "आई, खाली बस."

ती बसली नाही. "तो मारतो," आता ती मराठीतच बोलत होती, टीआयना कळतंय की नाही याची तिला पर्वा नव्हती. "रोज नाही. पण मारतो. मी बघत आलेय. लिहून घ्या."

दादा तिच्या अंगावर धावला. ठाण्यात, सगळ्यांसमोर, आपल्या आईवर त्याने हात उगारला आणि तो पडलाही. शिपायांनी धरेपर्यंत एक तरी पडला. उघड्या पंजाचा. आईच्या बांगड्या वाजल्या नाहीत, कारण तिने हात वर नेला नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. केस बरीच वर्षं चालली, दादाला शिक्षा झाली ती त्याने केलं त्याच्या मानाने लहान होती, आणि सुटल्यावर तो राजस्थानात निघून गेला. दुकान दुसऱ्याने घेतलं. वहिनीचं मनगट वाकडंच जुळलं, पण तिने इंदूरला पुन्हा क्लास सुरू केला आणि पुढे तिथे माझ्यासारखी मुलं शिकायला यायला लागली. काही वर्षं मीही तिच्याबरोबर शिकवलं. नव्या मुलांना टोपलीचा धडा देताना तिचा आवाज जरा घोगरा व्हायचा, आणि मग तीच पुढे फुर्र हसायची.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. आम्ही दोघी, आई आणि मी, रिक्षाने घरी निघालो. तिच्या गालावरून काही ओघळत होतं की नाही, मला माहीत नाही, मी हात लावून पाहिलं नाही. बरंच अंतर गेल्यावर ती म्हणाली, "शरू, त्यात मी आणखी कुठे आहे?"

"मला माहीत नाही. मी सगळं ऐकलेलं नाही."

"मग घरी गेल्यावर लाव."

"स्पीकर फुटलेत, आई."

ती थोडी सरकून माझ्याजवळ बसली. तिने माझ्या खिशातून इअरफोन काढले, त्यांचा गुंता सोडवायला घेतला, आणि म्हणाली, "कानात कसं घालायचं ते दाखव."

मी तिच्या कानाचा आकार पहिल्यांदाच बोटांनी बघितला.